वापरलेल्या पिस्तुलात काडतूस अडकतं तेव्हा: रॅम्प घासण्याआधी काय तपासायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. परवान्यावर घेतलेलं, आधी कुणीतरी वापरलेलं ९ मिमीचं सेमी-ऑटोमॅटिक पिस्तूल. सोबत जुनी दोन मॅगझिन मिळाली. मॅगझिन भरलेलं असताना पहिले राउंड (म्हणजे काडतुसं) व्यवस्थित जातात, पण शेवटचे दोन-तीन उरले की मधूनच काडतुसाचं नाक फीड रॅम्पवर, म्हणजे काडतूस ज्यावरून चढून नळीत शिरतं त्या उतारावर, टेकतं आणि स्लाइड (पिस्तुलाचा मागेपुढे सरकणारा वरचा भाग) अर्ध्या वाटेत थांबते. ओळखीतल्या एका नेमबाजाने रॅम्प घासून आरशासारखा चकचकीत करायला सांगितलंय. करावं का?

नको. निदान आत्ता तरी नको. वापरलेल्या पिस्तुलात फीडिंगची तक्रार आली की सगळ्यात आधी लोकांची नजर रॅम्पवर जाते, कारण काडतूस तिथे अडकलेलं डोळ्यांना दिसतं. पण अडकण्याची जागा आणि बिघाडाची जागा बहुतेक वेळा वेगवेगळी असते. रॅम्प कारखान्यातून आला तेव्हा त्याच कोनात होता आणि तेव्हा पिस्तूल चालत होतं. मधल्या वर्षांत बदललेत ते स्प्रिंग, मॅगझिनचे ओठ (काडतूस धरून ठेवणाऱ्या वरच्या वळवलेल्या कडा), साचलेली काजळी आणि आधीच्या मालकाने केलेले उद्योग. शिवाय घासलेला धातू परत येत नाही. मॅगझिन बदलून फरक पडला नाही तर जुनं मॅगझिन परत लावता येतं, रॅम्पचं तसं नाही.

पुढचं सगळं वाचण्याआधी सुरक्षिततेचं बोलून घेऊ. अडकलेलं पिस्तूल हे भरलेलं पिस्तूल आहे असंच धरायचं. नळी रेंजच्या दिशेला, बोट ट्रिगर गार्डच्या बाहेर, डोळ्यांवर चष्मा, आणि काय झालं ते बघायला नळीच्या तोंडासमोर कधीही यायचं नाही. चाप ओढला आणि बार झालाच नाही, तर नळी रेंजकडे धरून किमान ३० सेकंद थांबा, काही काडतुसं उशिरा पेटतात. बार नेहमीपेक्षा दबका वाटला तर तिथेच थांबा. बुलेट नळीत अडकलेली असू शकते, आणि त्यावर दुसरा राउंड मारला तर नळी फुटते. घरी तपासणी करायची ती फक्त डमी राउंडवर, म्हणजे दारू आणि प्रायमर नसलेल्या काडतुसांवर. जिवंत काडतुसं त्या वेळी त्या खोलीत नकोतच.

आता मुद्द्याकडे. एक बार झाला की स्लाइड मागे जाते, एक्स्ट्रॅक्टर रिकामी पुंगळी चेंबरमधून (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या जागेतून) ओढतो, इजेक्टर तिला बाहेर फेकतो, स्लाइड परत पुढे येताना मॅगझिनमधलं सगळ्यात वरचं काडतूस ढकलते, त्याचं नाक रॅम्पवरून चढून चेंबरमध्ये शिरतं आणि बुडाची कड एक्स्ट्रॅक्टरच्या आकड्याखाली सरकते. हे सगळं सेकंदाच्या दहाव्या भागाहूनही कमी वेळात होतं. तेवढ्या वेळात मॅगझिनच्या स्प्रिंगला उरलेली सगळी चळत वर उचलून पुढचं काडतूस बरोबर उंचीवर आणि बरोबर कोनात हजर करायचं असतं. ते वेळेवर हजर झालं नाही, की रॅम्प कितीही गुळगुळीत असला तरी उपयोग नाही.

म्हणून माझा पहिला आग्रह हा, की पिस्तूल अडकलं की लगेच स्लाइड मागे खेचून काडतूस झटकू नका. (सरावापुरतं हे बोलतोय. स्वसंरक्षणाच्या किंवा स्पर्धेच्या प्रसंगात ठोका-खेचा (मॅगझिनच्या तळाला ठोका, स्लाइड मागे खेचा) करून मोकळं होणंच बरोबर.) नळी रेंजकडे ठेवून दोन-चार सेकंद वरून आणि बाजूने बघा. शेजाऱ्याला बाजूने फोटो काढायला सांगितलं तर उत्तम. कोणतं मॅगझिन होतं आणि आत किती राउंड उरले होते, ते लिहून ठेवा. एवढ्या नोंदीवरून निम्म्याहून अधिक निदान होतं.

बघायचं काय? नाक खाली, रॅम्पच्या पायथ्याशी किंवा मॅगझिनच्या पुढच्या भिंतीशी रुतलेलं असेल, तर काडतूस वेळेवर वर आलेलं नाही. संशय मॅगझिनवर. नाक चेंबरच्या छताला टेकलंय, काडतुसाचं अंग चेंबरच्या खालच्या कडेवर आडकलंय आणि बूड स्लाइडच्या तोंडाला घट्ट चिकटलंय, असं तीन ठिकाणी धरलेलं असेल, तर एक्स्ट्रॅक्टरचा ताण, ओठांनी काडतूस सोडण्याची वेळ किंवा रॅम्प आणि नळीचा जोड बघावा लागतो. काडतूस जवळजवळ पूर्ण आत गेलंय पण स्लाइड एक-दोन मिलिमीटर मागे राहिलीय, तर चेंबरमधली घाण, फुगलेलं काडतूस, थकलेली रिकॉइल स्प्रिंग (स्लाइडला परत पुढे आणणारी) किंवा स्लाइड ज्यांवरून सरकते त्या कोरड्या पट्ट्या. स्लाइड पूर्ण बंद झालीय आणि चेंबर रिकामा, मॅगझिनमध्ये मात्र राउंड शिल्लक, तर स्लाइड काडतुसाच्या डोक्यावरून निघून गेली. एक तर ती पुरेशी मागे गेली नाही, नाही तर काडतूस उशिरा वर आलं. आणि चेंबरमध्ये रिकामी पुंगळी तशीच असून तिच्यामागे नवं काडतूस घुसलं असेल, तर तो फीडिंगचा दोषच नव्हे. पुंगळी बाहेर न निघाल्याचा तो परिणाम आहे, तिथे एक्स्ट्रॅक्टर आणि चेंबर बघायचे.

तुमचं लक्षण पहिल्या प्रकारातलं आहे, आणि 'शेवटचे दोन-तीन राउंड' हे त्यातलं सगळ्यात बोलकं वाक्य आहे. भरलेल्या मॅगझिनमध्ये स्प्रिंग पूर्ण दबलेली असते, तेव्हा तिचा जोर सगळ्यात जास्त असतो. राउंड संपत येतात तशी ती सैल होत जाते. थकलेली स्प्रिंग भरलेल्या मॅगझिनमध्ये आपला दुबळेपणा लपवते आणि शेवटी उघडी पडते. त्याच मॅगझिनवर शेवटचा राउंड गेल्यावर स्लाइड मागे अडकून राहत नसेल, तर शंका आणखी पक्की, कारण फॉलोअरने (मॅगझिनमध्ये काडतुसांखाली असलेल्या सरकत्या पट्टीने) स्लाइड स्टॉप, म्हणजे स्लाइड मागे धरून ठेवणारी खिटी, वर ढकलायला तीच स्प्रिंग लागते. अडचण पहिल्याच एक-दोन राउंडला येत असती तर मी उलटा विचार केला असता: ठासून भरलेलं मॅगझिन, ओठांवरचा जास्त दाब, नाही तर स्लाइड हाताने हळूहळू पुढे नेण्याची सवय. स्लाइड पूर्ण मागे खेचून सोडून द्यायची असते. हात तिच्यासोबत पुढे नेला तर निरोगी पिस्तूलही अडकतं.

तर सुरुवात मॅगझिनपासून. दोन्हींच्या तळाला १ आणि २ असे आकडे टाका. कंपनीचं नवं कोरं मॅगझिन एक आणा आणि त्याला ३ म्हणा. कारखान्याचं, साधं, गोल नाकाचं, पूर्ण जॅकेटचं (बुलेटवर धातूचं आवरण असलेलं) काडतूस घ्या, ११५ किंवा १२४ ग्रेन वजनाच्या बुलेटचं, एकाच खोक्यातलं. तिन्ही मॅगझिन आलटून पालटून चालवा. ३ वर एकदाही अडकलं नाही आणि १ किंवा २ वर अडकलं, तर पिस्तुलाला हात लावायचं कारणच उरत नाही. ही चाचणी इतकी साधी आहे की लोक ती करत नाहीत, आणि मग महिनोन्महिने नळीशी झटापट करत बसतात.

दोषी मॅगझिन सापडलं की उघडून बघा. तळपट्टी काढताना स्प्रिंगवर अंगठा ठेवा, नाही तर ती डोळ्याकडे उडेल. नव्या मॅगझिनच्या स्प्रिंगशेजारी जुनी ठेवा, ठळकपणे आखूड झाली असेल तर बदला. वापरलेल्या पिस्तुलांमध्ये हमखास सापडणारी गोष्ट म्हणजे साफसफाईनंतर उलटी बसवलेली स्प्रिंग. वरच्या वेढ्याचा उतार फॉलोअरच्या उताराशी जुळला पाहिजे. तो मागेपुढे झाला की फॉलोअरचं नाक खाली झुकतं आणि काडतुसाचंही. बसवण्याची दिशा नव्या मॅगझिनवरून ताडून बघा, अंदाजाने बसवू नका. दुसरी तशीच गोष्ट म्हणजे दोन राउंड जास्त मावावेत म्हणून लावलेली उंच तळपट्टी, आणि आत मूळचीच स्प्रिंग. तिच्यावर जास्तीचं ओझं टाकलं पण जोर वाढवला नाही, म्हणजे शेवटचे राउंड हळू वर येणारच.

ओठ हा मॅगझिनचा सगळ्यात नाजूक आणि सगळ्यात महत्त्वाचा भाग. काडतूस किती उंचीवर, कोणत्या कोनात आणि नेमकं केव्हा सुटायचं हे तेच ठरवतात. सिमेंटच्या फरशीवर एकदा डोक्यावर पडलेलं मॅगझिन वरून ठीक दिसतं, पण एक ओठ केसभर उघडलेला असतो. व्हर्नियर कॅलिपरने पुढचं आणि मागचं अंतर मोजा आणि नव्याशी ताडा. प्लास्टिकच्या ओठांवरून नख फिरवा, चीर असेल तर नखाला लागते. पत्र्याच्या मॅगझिनच्या मागच्या सांध्याचं वेल्डिंग सुटलेलं नाही ना, तेही बघा. फॉलोअर लाकडी काडीने दाबून सोडा. तो न अडखळता, न तिरपा होता वर आला पाहिजे. आतली बाजू कोरडी पुसून ठेवा. मॅगझिनमध्ये तेल घातलं की दारूची काजळी आणि धूळ त्यात कालवून चिखल होतो. वाकडे ओठ पकडीने सरळ करायचा मोह होतो, पण ते काम हातखंडा असलेल्या आर्मररचं, म्हणजे शस्त्रदुरुस्ती करणाऱ्या कारागिराचं. बहुतेक वेळा नवं मॅगझिन घेणंच शहाणपणाचं आणि स्वस्तही पडतं. जुनं सरावाच्या पिशवीतही ठेवू नका, फिरून हातात येतं.

नवं मॅगझिनही अडत असेल, तर मॅगझिन कॅच, म्हणजे मॅगझिनला जागेवर धरून ठेवणारी खिटी, बघा. कॅचची किंवा मॅगझिनवरच्या खाचेची कड झिजली की मॅगझिन अर्धा मिलिमीटर खाली बसतं, आणि तेवढ्याने स्लाइड काडतुसाच्या बुडाला निसटता स्पर्श करते. डमी राउंड भरून मॅगझिन खालून वर दाबून बघा. ते जाणवण्याइतकं वर सरकत असेल आणि वर दाबून धरल्यावर डमी सुरळीत जात असतील, तर कॅच बदलायची वेळ झाली.

इथे एक चाचणी आवर्जून करा, मला ती फार उपयोगी वाटते. डमी राउंडची बुलेट आणि सगळं अंग काळ्या मार्करने रंगवा, वाळू द्या, मॅगझिनमध्ये भरा, स्लाइड पूर्ण मागे खेचून सोडा आणि मग तो डमी बाहेर काढून उजेडात फिरवून बघा. अंगाच्या दोन्ही बाजूंना लांबट, समांतर ओरखडे दिसतील, ते ओठांचे. दोन्हीकडे सारखेच हवेत. एकीकडे खोल आणि दुसरीकडे नुसती पुसट रेघ असेल तर ओठ सारखे नाहीत. नाकाच्या खालच्या बाजूला रॅम्पचा गुळगुळीत पुसलेला पट्टा दिसणं स्वाभाविक आहे. पण तिथे पट्ट्याऐवजी आडवी खाच असेल, नाक ठेचल्यासारखं दिसत असेल, तर काडतूस रॅम्पवर चढायच्या आधी त्याच्या खालच्या कडेवर आदळतंय, म्हणजे ते खाली बसलंय. अंगाच्या मध्यावर चंद्रकोरीसारखा कोरीव व्रण असेल, तर चेंबरची खालची कड त्याला अडवतेय. बुडाच्या कडेवर एक्स्ट्रॅक्टरने घेतलेला चावा दिसत असेल तर आकड्याचा ताण जास्त आहे किंवा त्याची खालची कड धारदार राहिलीय. हाताने चालवलेली स्लाइड आणि बाराने चालवलेली स्लाइड यांच्या वेगात फरक असतो, त्यामुळे डमी सुरळीत गेले म्हणून पिस्तूल निर्दोष ठरत नाही. पण डमीवर दिसलेला व्रण खोटं बोलत नाही.

याच ओघात एक धोक्याची गोष्ट. रॅम्पवर आदळलेलं जिवंत काडतूस पुन्हा मॅगझिनमध्ये भरू नका. त्या धक्क्याने बुलेट पुंगळीत मागे दबू शकते. आतली जागा कमी झाली की बार होताना दाब धोकादायक वाढतो. न वापरलेल्या काडतुसाशेजारी ते उभं धरा, लांबीतला फरक डोळ्यांना दिसतो. आखूड झालेलं काडतूस बाजूला काढा आणि रेंजवरच्या ठरलेल्या पद्धतीने निकालात काढा.

रिकॉइल स्प्रिंगबद्दल एक गैरसमज पक्का बसलेला आहे, की फीडिंग सुधारायचं तर जड स्प्रिंग टाकायची. थकलेली स्प्रिंग स्लाइडला शेवटचा रेटा देऊ शकत नाही, हे खरं. पण फार जड स्प्रिंग दोन बाजूंनी घात करते. हलक्या काडतुसावर स्लाइड पूर्ण मागेच जात नाही, आणि जाते तेव्हा इतक्या वेगाने परत येते की मॅगझिनला काडतूस वर आणायला सवड मिळत नाही. ५ इंची नळीच्या, १९११ पद्धतीच्या (ब्राउनिंगच्या १९११ सालच्या रचनेच्या) .४५ पिस्तुलाला मूळची स्प्रिंग १६ पाउंडांची. त्यात कुणी २० पाउंडांची टाकून ठेवली असेल आणि काडतूस साधं असेल, तर अडकणं ओघानेच आलं. तुमच्या पिस्तुलाला कंपनीने सांगितलेलीच स्प्रिंग नवी आणून टाका. आधीच्या मालकाने ती कधी बदलली होती हे कळायला मार्ग नसतो. जुनी काढाल तेव्हा तिची टोकं बघा. मिटलेल्या वेढ्याऐवजी सरळ कापलेलं टोक दिसलं तर कुणीतरी वेढे कापलेत. पुंगळ्या कुठे पडतात तेही बघा. पायाशीच घरंगळत असतील तर स्लाइड दुबळी मागे जातेय, नेहमीपेक्षा फारच लांब उडत असतील तर स्प्रिंग थकलीय.

साफसफाईचं फार लांबवत नाही, पण तीन जागा नेहमी राहून जातात: एक्स्ट्रॅक्टरच्या आकड्याखालची फट, चेंबरच्या पुढच्या टोकाला जमणारं काजळीचं कडं, आणि स्लाइड व फ्रेमच्या पट्ट्यांत वाळून डिंकासारखं झालेलं जुनं ग्रीस. बरीच वर्षं कपाटात पडून राहिलेल्या पिस्तुलात हे तिसरं एकटंच पुरतं. पट्ट्या, नळीचा वरचा आणि पुढचा घासणारा भाग यांवर पातळ तेल द्या. चेंबर आणि फायरिंग पिनची वाट कोरडी ठेवा. मग नळी सुटी करून कारखान्याचं काडतूस चेंबरमध्ये नुसतं सोडा. (जिवंत काडतूस वापरायचं तर हे रेंजवर करायचं.) ते टक्कन बसलं पाहिजे आणि नळी उलटी केली की आपोआप बाहेर पडलं पाहिजे. घरी भरलेली काडतुसं वापरत असाल तर त्यांची हीच परीक्षा घ्या. ९ मिमी लुगरची एकूण लांबी जास्तीत जास्त २९.६९ मिमी, आणि पुंगळीच्या तोंडाचा फुगवटा नीट आवळलेला हवा.

एक्स्ट्रॅक्टरचा ताण १९११ पद्धतीच्या पिस्तुलात विशेष महत्त्वाचा, कारण तिथे तो स्वतःच स्प्रिंगसारखा वाकवलेला असतो. सुट्या स्लाइडच्या तोंडावर डमी राउंड आकड्याखाली सरकवा आणि स्लाइड हलकेच हलवा. डमी टिकून राहिला पाहिजे, पण सरकवताना अंगठ्याला जोर पडता कामा नये. अशा पिस्तुलात चेंबरमध्ये हाताने काडतूस टाकून त्यावर स्लाइड सोडायची सवय आकडा मोडते. काडतूस नेहमी मॅगझिनमधूनच जाऊ द्या.

.३२ एसीपीवाल्यांसाठी स्वतंत्र सांगायला हवं, कारण तिथला दोष वेगळाच असतो. ब्राउनिंगचं १८९९ सालचं हे काडतूस अर्धवट कड असलेलं आहे. बुडाची कड ९.१ मिमी आणि अंग साधारण ८.५५ मिमी. मॅगझिन भरताना वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेच्या मागे गेली तर दोन्ही एकमेकांत गुंततात, आणि मग स्लाइडला वरचं काडतूस पुढे ढकलताच येत नाही. वरून बघणाऱ्याला वाटतं स्प्रिंग थकली. आखूड, पोकळ नाकाची काडतुसं वापरली की हे जास्त होतं, कारण मॅगझिनमध्ये त्यांना मागेपुढे सरकायला जागा उरते. प्रत्येक राउंड भरताना वरच्याची कड खालच्याच्या पुढे आहे ना ते बघा, आणि पूर्ण लांबीचं गोल नाकाचं काडतूस वापरा. .२२च्या पिस्तुलात मात्र चेंबरच्या कडेवर फायरिंग पिनने पडलेला खड्डा आणि त्याची आत उचललेली धातूची कड शोधा. रिकाम्या पिस्तुलाचा चाप ओढत राहिल्याचा तो परिणाम असतो.

पकडही एकदा तपासून घ्या. मनगट सैल असलं की फ्रेम स्लाइडसोबत मागे जाते आणि स्लाइडची चाल अपुरी पडते. हलक्या पॉलिमर फ्रेमच्या पिस्तुलात हे जास्त जाणवतं. तेच पिस्तूल, तेच मॅगझिन एखाद्या मुरलेल्या नेमबाजाच्या हातात द्या. त्याच्याकडे अडत नसेल तर उत्तर मिळालं. यात कमीपणा मानायचं काही कारण नाही.

आता रॅम्प. वरचं सगळं होऊनही अडत असेल, आणि रंगवलेल्या डमीवर रॅम्पच्या जागीच व्रण दिसत असेल, तर रॅम्प बघायचा. आधी पुसून भिंगाखाली: तांब्याचा थर, गंजाचे खड्डे, यंत्राच्या आडव्या रेघा. त्यापुढे जायचं तर फक्त पॉलिश, आणि तेही हाताने. कोन, उंची, कडा बदलायच्या नाहीत. मिनी-ग्राइंडर लावून रॅम्प आत खोल नेला की चेंबरच्या तळाशी पुंगळीला मिळणारा आधार कमी होतो, आणि बार होताना पुंगळी तिथूनच फुटू शकते. १९११ पद्धतीत फ्रेमवरचा रॅम्प आणि नळीवरचा रॅम्प यांच्यामध्ये सुमारे ०.८ मिमीची पायरी मुद्दाम ठेवलेली असते. ती 'सलग' करायच्या नादात कित्येक चांगली पिस्तुलं बिघडली आहेत. ॲल्युमिनियमच्या फ्रेमवर रॅम्प असेल तर वरचा कडक ॲनोडाइज थर घासला जातो आणि खालचा मऊ धातू भराभर झिजतो. आधीच्या मालकाने रॅम्प आधीच घासलेला दिसत असेल, तर ते पिस्तूल पुढे चालवण्याआधी आर्मररला दाखवा. पोकळ नाकाचं एखादंच विशिष्ट काडतूस अडत असेल आणि बाकी सगळी जात असतील, तर रॅम्प नाही, काडतूस बदला.

तुमच्यापुरतं सांगायचं तर क्रम असा ठेवा: नवं मॅगझिन, जुन्या दोन्हींत नव्या स्प्रिंग, नवी रिकॉइल स्प्रिंग. एका वेळी एकच बदल आणि प्रत्येक बदलानंतर रेंजवर पूर्ण खोकं. दोन गोष्टी एकदम बदलल्या की गुण कशाचा ते कळत नाही. सुटे भाग परवानाधारक विक्रेत्याकडूनच घ्या, आणि नळी किंवा फ्रेमला हात लावायचा असेल तर तुमच्या परवान्याच्या अटी काय सांगतात ते आधी बघा. एवढ्यावरही अडलंच तर आर्मररकडे जाताना पिस्तुलासोबत आकडे टाकलेली तिन्ही मॅगझिन, रंगवलेला डमी न पुसता, आणि अडकलेल्या स्थितीचे बाजूने काढलेले फोटो घेऊन जा.